अनावश्यक भाग

बाबांना शाळेतली मुलं ‘भोंगा’ म्हणायची, आणि हे बाबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचा गणिताचा तास सातवीत चालू असला की भिंतीपलीकडच्या पाचवीचे पाढे आपोआप पाठ व्हायचे, असा तो आवाज. मुख्याध्यापकांनी एकदा चाचरत सुचवून पाहिलं, की सर, जरा हळू शिकवलंत तर बरं होईल. बाबा म्हणाले, “हळूच शिकवतोय.” 

अशा माणसाचा घसा बसला तेव्हा घरात आधी सगळे हसले. महिनाभर गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या, ‘आता शेजारी पेढे वाटतील’ असे विनोदही झाले. मग डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, एक तुकडा तपासायला पाठवला, आणि हसणं तिथेच संपलं. स्वरयंत्र काढावं लागेल, ते म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल. पुढे गळ्याला लावायचं यंत्र मिळतं, त्यातून बोलता येतं, पण तो आवाज यंत्राचाच. ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. तोवर दिवसाला अर्धा तास बोलायचं, त्याच्या वर एक शब्द नाही, अशी सक्त ताकीद होती.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि आईला म्हणाले, “साडेसात तास.” आईला वाटलं घड्याळातली वेळ सांगतायत. तिने मनगट बघितलं. मुलीला मात्र कळलं, आणि ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

ही मुलगी एकुलती एक, आणि शिक्षिका व्हायला निघालेली. लहानपणी घरातल्या चपला ओळीने मांडून त्यांना शिकवायची. डाव्या पायातल्या चपला तिच्या मते ढ होत्या, त्यांना जास्त मार बसायचा. तेव्हापासून बाबा तिला ‘छोट्या बाई’ म्हणत. आता छोट्या बाई अध्यापक महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होत्या, आणि वर्गात तंत्रज्ञान कसं वापरावं हा त्यांनी प्रकल्पाला घेतलेला विषय होता. बारा धडे रेकॉर्ड करायचे, कापून-जोडून नेटके करायचे, खऱ्या वर्गात दाखवायचे. महाविद्यालय त्यासाठी एक टॅबलेट देत असे आणि सोबत एक तक्ता. प्रत्येक धडा चार मिनिटांच्या आत. विषयांतर शून्य. आशयातल्या चुका शून्य. मार्गदर्शक मॅडम या तक्त्याला इतकं मानायच्या, की त्यांच्या स्वयंपाकघरातही एखादा लावलेला असेल अशी मुलींना शंका होती.

“धडे बाबांचेच घेते,” ती आईला म्हणाली. “माझा प्रकल्प होईल आणि बाबांचा आवाज कायमचा राहील. एका दगडात दोन पक्षी.” बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. पण कल्पना चांगली होती. घरात तेव्हा दुसऱ्या कोणाकडे काही कल्पनाच नव्हती.

आई शिलाई मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला. “किती बोलावं लागेल त्यांना?”

“अर्धा तास तरी. फळ्यावर शिकवायचं म्हणजे...”

“म्हणजे सगळाच.” आईने दोरा तोडला. “घे. घरात काय, खुणांनी भागेल. अठ्ठावीस वर्षं ऐकतेच आहे.”

आईने आपला वाटा असा सहज सोडून दिला, आणि मुलीने तो तितक्याच सहज घेतला. आपण काय घेतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दोष तरी कसा द्यायचा? धावपळीत असलेल्या माणसाला मिळालेली गोष्ट नुसती सोयीची वाटते.

दुसऱ्या दिवसापासून बाबा घरात गप्प झाले. सकाळी चहाचा कप वर करून अजून हवा म्हणून दाखवायचे. शर्ट सापडला नाही की दारात उभे राहून स्वतःच्या छातीवर थाप मारायचे. आई खुणेला खूण करायची आणि मधेच विसरून मोठ्याने बोलायची, जणू त्यांना ऐकूही येत नाहीसं झालं होतं. ते हसायचे. हसण्याचाही आवाज त्यांनी राखून ठेवला होता.

शाळा सुटल्यावर दोघं बापलेक संगणकाच्या खोलीत जात. जुने संगणक कापडं पांघरून ओळीने बसलेले, आणि समोर एक फळा. ती टॅबलेट तिकाटण्यावर लावायची, लाल ठिपका दाबायची आणि मान हलवायची. बाबा खडू उचलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी तीन वेळा सुरुवात केली आणि तीनदा थांबले.

“यांना काय शिकवू?” ते कापडाखालच्या संगणकांकडे हात करून म्हणाले. आवाज म्हणजे नुसती खरखर होती, तरी तिच्यात दम होता. “एकही जांभई देत नाही.”

“बाबा, वेळ जातोय.”

“बरं, छोट्या बाई.”

आता बाबांची शिकवण्याची एक तऱ्हा होती, ती सांगायला हवी. ते प्रत्येक तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम करायचे. दोन तृतीयांश अधिक एक पंचमांश, वर दोन आणि एक तीन, खाली तीन आणि पाच आठ, उत्तर तीन अष्टमांश, असं बिनदिक्कत लिहून मोकळे व्हायचे आणि चेहरा असा ठेवायचे की साक्षात सरस्वतीलाही संशय येऊ नये. मग वर्गातून कोणीतरी ओरडायचं, “थांबा सर!” ज्याला चूक सापडेल तो फळ्यापाशी जाऊन सरांना शिकवायचा आणि सर ढ विद्यार्थी होऊन डोकं खाजवायचे. चूक कधी येईल याचा नेम नसे. त्यामुळे पस्तीस मिनिटं सगळा वर्ग मांजरासारखा टपून बसलेला असायचा. वीस वर्षांत त्यांच्या तासाला कोणी झोपलं नाही. भोंगा होता म्हणून नव्हे, ही चूक होती म्हणून.

रेकॉर्डिंगमध्येही त्यांनी चूक केलीच.

“बाबा, असं नको. तक्त्यात चुका शून्य लागतात.”

“मग त्यांनी ऐकायचं कशाला?”

“शिकण्यासाठी.”

“मी बरोबरच सांगणार हे एकदा कळलं की मुलं ऐकत नाहीत गं. उतरवून घेतात.”

तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर तिला पटवून घ्यायला सवड नव्हती. पुढच्या वर्षी तिला नोकरी हवी होती, तिला नव्या पद्धतीची शिक्षिका व्हायचं होतं, आणि आपले वडील हे जुन्या पद्धतीचे मास्तर आहेत असं तिचं एक लाडकं मत होतं. तिने वाद घातला नाही. चुका तर कापताच येतात.

घरी आली की ती खिडकीशी बसून कापायला घ्यायची. टॅबलेटवर आवाजाची हिरवी रेघ उमटे, डोंगर-दऱ्यांसारखी. ती दोन बोटांत नको तो तुकडा धरायची आणि काढून टाकायची. खोकला काढला. खाकरणं काढलं. ‘समजलं का?’ विचारून बाबा थांबायचे, ते थांबणं काढलं. चूक काढली, ‘ए खिडकीतल्या, बाहेर काय तुझं लग्न चाललंय?’ असं ते सवयीने रिकाम्या खिडकीला ओरडले होते, तेही काढलं. अॅपमध्ये खरखर कमी करायची एक सोय होती. ती वापरली की बाबांचा आवाज वर्षापूर्वीसारखा गोल आणि भरलेला यायचा. पहिल्यांदा तो आला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ही आपण बाबांना दिलेली भेट आहे असं तिला वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

धडा तयार झाला की अॅप विचारायचं: मूळ फाइल काढून टाकायची? टॅबलेट महाविद्यालयाचा, जागा मोजकी, उद्याच्या रेकॉर्डिंगला जागा नको का? ती ‘हो’ दाबायची. अकरा दिवस तिने अकरा वेळा ‘हो’ दाबलं.

बाराव्या दिवशी त्रिकोणाच्या कोनांचा धडा होता. बाबा दमले होते, तरी त्या दिवशी सगळं एका दमात बोलले, चूकसुद्धा केली नाही. धडा संपता संपता त्यांनी तिला खूण केली, पाणी. माठ तळमजल्यावर, जिन्याच्या टोकाला. ती गेली. तिथे शिपाईमामा भेटले, त्यांनी सरांची चौकशी केली, डोळे पुसले, आपल्या मेव्हण्याच्या घशाची सगळी कथा सांगितली. ती परत आली तेव्हा बाबा खुर्चीत बसून होते आणि लाल ठिपका अजून चालूच होता.

“बाबा! बंद नाही केलात होय?”

त्यांनी मान हलवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बहुतेक ताप असेल असं तिला वाटलं. पाणी पिऊन त्यांनी अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, “नीट बघशील ना सगळं?”

“बघते हो,” ती म्हणाली आणि टॅबलेट पिशवीत टाकला.

फाइल सव्वीस मिनिटांची होती. धडा नऊ मिनिटांत संपत होता. पुढची सतरा मिनिटं म्हणजे रिकामा फळा आणि आपण जिन्यात उभे, हे तिला माहीतच होतं. त्या दिवशी दवाखान्याच्या कागदांचीही घाई होती. तिने रेघेचं शेपूट धरलं, एका फटक्यात उडवलं आणि उरलेल्यातून चार मिनिटांचा धडा तयार केला. मूळ फाइल काढून टाकायची? हो. दुसऱ्या दिवशी तयार धडे फोनवर घेतले आणि टॅबलेट रिकामा करून परत दिला, कारण तसा नियम होता.

ऑपरेशन नीट झालं. बाबा वाचले. गळ्याला एक भोक पडलं, त्यावर जाळीचा पातळ रुमाल आला, आणि श्वास तिथून शीळ घातल्यासारखा येऊ-जाऊ लागला. घरी आल्यावर त्यांना आईने एक वही आणि पेन दिलं. ते लिहायचे आणि आई मोठ्याने वाचायची. मुलीने तिला सांगितलं, अगं मनात वाचलंस तरी चालेल. पण नाही, घरात त्यांचा शब्द आवाजात उमटायलाच हवा असा तिचा हट्ट. “‘चहात साखर जास्त झाली.’ झाली तर झाली, उद्यापासून स्वतः करा!” स्वतःच बोलायची आणि स्वतःच भांडायची. शेजारणीला वाटायचं, सरांचा आवाज परत आला की काय.

महिन्याभराने धडे वर्गात दाखवायचा दिवस आला. बाबांचाच सातवीचा वर्ग. मार्गदर्शक मॅडम मागच्या बाकावर तक्ता घेऊन बसल्या. छोट्या बाईंनी पडदा सोडला, अपूर्णांकांचा धडा लावला. भरलेल्या, गोल आवाजात बाबा बोलू लागले आणि वर्ग एकदम ताठ झाला. पेन्सिली वर. माना पुढे. मुलं डोळ्याची पापणी लवू देत नव्हती.

धडा संपला.  मग पहिल्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली.

“ताई, परत लावा ना.”

परत लावला. पुन्हा तेच टपून बसणं. धडा संपल्यावर वर्गात कुजबुज सुरू झाली, एकमेकांच्या वह्या बघणं सुरू झालं.

“ताई, अजून एकदा.”

तिसऱ्यांदा संपला तेव्हा चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी होतं. “ताई, आम्हाला चूक सापडली नाही.”

“यात चूक नाहीये,” ती म्हणाली.

“असं कसं? सरांचा धडा आहे ना?” मागून एकजण ओरडला. “सर एवढं बरोबर कधीच बोलत नाहीत!” आणि कोणी हसलं नाही.

मार्गदर्शक मॅडमनी तक्त्यात लिहिलं: विद्यार्थ्यांनी धडा स्वतःहून तीनदा पाहण्याची मागणी केली. वर्ग संपल्यावर त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “एकही अनावश्यक शब्द नाही. याला म्हणतात तंत्रज्ञानाचा वापर.” अ श्रेणी मिळाली. सबंध तुकडीत तिच्या एकटीला.

ती तशीच महाविद्यालयाच्या तंत्रज्ञांकडे गेली. टॅबलेटमधलं काढून टाकलेलं परत आणता येईल का? त्यांनी कपाट उघडून दाखवलं. टॅबलेट केव्हाच दुसऱ्या मुलीला दिला होता. “पोरी, रिकामा केला म्हणजे रिकामा. त्यावर तिने भूगोल भरलाय आता.” ती पायऱ्यांवर बसली आणि रडली. आपण गणित ठेवलं आणि मास्तर काढून टाकले, हे तिला त्या पायऱ्यांवर कळलं. पाहायला गेलं तर दोन वर्षांत तिने शिकलेली ती पहिली गोष्ट होती.

घरी येईपर्यंत तिने चेहरा धुऊन घेतला होता. आई मशीनवर होती, बाबा पलंगावर उशीला टेकून. तिने श्रेणी सांगितली. आईने साखरेचा डबा आणला आणि तिच्या तोंडात चिमूट घातली. बाबा खूश होऊन वहीत काहीतरी लिहू लागले. बराच वेळ लिहीत होते. एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली. मग वही आईकडे दिली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

आईने चष्मा लावला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागली. “‘प्रकल्प संपला, आता सांगतो. बाराव्या धड्याच्या शेवटी थोडं तुझ्यासाठी बोललो आहे. ती पाणी आणायला गेली तेव्हा. तुझ्या वाटचं सगळं मुलीला दिलंस, मला ते...’” इथे आईचा आवाज थांबला. पुढचं तिने मनात वाचलं. पहिल्यांदाच.

मग ती उठली. मशीनवरचं कापड घडी करून ठेवलं. पदराने हात पुसले, केसांवरून हात फिरवला आणि पलंगाच्या कडेला नीट बसली, पाहुण्यांकडे बसावं तशी. “लाव गं,” ती म्हणाली. “बारावा.”

 मुलीने फोन काढला आणि धडा लावला. का लावला, देव जाणे. कदाचित आपल्या हातून तसं झालं नसेल, अशी एक वेडी आशा होती. बाबांचा आवाज खोलीत आला, खणखणीत, खरखर नसलेला, आणि पलंगावरचे बाबा तो ऐकताना गळ्यावरच्या रुमालाला हात लावून बसले. त्रिकोणाचा पहिला कोन, दुसरा कोन. आई मान डोलवत होती. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती एकेक शब्द जपून ऐकत होती, पुढचं यायचं आहे म्हणून. “म्हणजे तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश,” बाबा म्हणाले, आणि मुलीने लावलेलं समाप्तीचं संगीत वाजलं.

आई संगीत संपेपर्यंत थांबली. मग आणखी थोडी थांबली.

“पुढे?”

बाबांनी मुलीकडे पाहिलं.

“अहो, नाहीये इथे काही,” आई बाबांकडे वळून म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खट्टू हसू आलं. “लाजलात ना शेवटी? मला वाटलंच. तुमच्याच्याने नाही व्हायचं ते.”

मुलीला तिथे गप्प बसता आलं असतं. बाबांनी तर डोळ्यांनी तिला तसं सांगितलंसुद्धा, गप्प बस म्हणून. ते सगळं समजले होते आणि सगळं आपल्या अंगावर घ्यायला तयार होते. पण आईने उरलेलं आयुष्य बाबा लाजले असं समजून काढावं, हे तिच्याने बघवेना.

“लाजले नाहीत, आई. बोलले होते. मी कापलं.”

“काय बोलले होते?”

“मी ऐकलं नाही. मला वाटलं, रिकामं आहे. न ऐकताच कापलं.” ती आता हुंदके देऊन रडत होती. “आणि परत येत नाही ते. विचारून आले मी.”

आईने फोनच्या काळ्या काचेकडे बघितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“किती होतं?” तिने विचारलं.

“सतरा मिनिटं.”

“सतरा,” आई म्हणाली. “एवढं तर हे माझ्याशी एका वेळी कधी बोलले नाहीत गं.”

बाबांनी घाईघाईने वही ओढून घेतली. पेनाचं टोपण काढलं, नवं पान उलटलं आणि वर पहिला शब्द लिहिला. आईने हात पुढे करून पानावर ठेवला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “लिहिलंत तरी मला माझ्याच आवाजात ऐकू येणार.”

बाबांनी पेनाला टोपण लावलं.